आजीला चुंबळ, आजोबांना दुधाची वही: मुलांसोबत घरच्या घरी दिवाळीच्या भेटी

सहामाहीचा शेवटचा पेपर आणि वसुबारस यांच्यात साधारण आठवडा मिळतो. त्याच आठवड्यात माळा झाडायला निघतो. जुन्या सुती साड्या, विरलेले टॉवेल, गेल्या वर्षीच्या अर्ध्या कोऱ्या वह्या आणि कधीतरी लागतील म्हणून ठेवलेल्या काचेच्या बरण्या खाली येतात. भाऊबिजेला कुणाला काय द्यायचं, हा प्रश्नही तेव्हाच पडतो. आमच्या घरी गेली काही वर्षं या दोन्ही कामांची आम्ही एकमेकींशी गाठ घातली आहे. थोरली आता अकरा वर्षांची आहे, धाकटा सहाचा. दोघांना घेऊन पाच-सहा भेटी सहज होतात. शेंगदाणे आणि दोरा सोडला तर विकत फारसं काही आणावं लागत नाही.

पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, त्यामुळे बारीकसारीक गोष्टीही सांगते.

आधी माणूस, मग सामान

बहुतेकजण बाटली हातात घेतात आणि हिचं काय करता येईल ते शोधतात. मग तिला रंग लागतो, चमकी लागते, वर लेस येते. अशी बाटली दोन दिवस कौतुकाने बघितली जाते, नंतर तिच्यावर धूळ बसते आणि ज्यांना दिली त्यांना ती टाकवतही नाही. सुरुवात माणसापासून केली की हे टळतं.

मुलांना कागद-पेन्सिल देऊन पाच नावं लिहायला सांगा. प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट लिहायची: ‘यांच्या हातात दिवसभर काय असतं?’ उत्तर सुचत नसेल तर एक दिवस त्यांच्याकडे नीट बघायचं. मुलं हे फार मनापासून करतात. आमच्या धाकट्याने आजीपुढे लिहिलं होतं, ‘गरम पातेलं, खाली घडी केलेलं फडकं’. थोरलीने आजोबांपुढे लिहिलं, ‘दुधाचा हिशेब कॅलेंडरवर, जागा पुरत नाही’. पुण्याच्या आत्यापुढे दोघांनी मिळून लिहिलं, ‘फोनवर दर वेळी शेंगाचटणी विचारते’. तेवढ्यावर तीन भेटी ठरल्या.

सामान गोळा करताना

नवरात्रापासूनच एक खोकं कोपऱ्यात ठेवून द्या. त्यात काय टाकायचं ते मुलांना सांगून ठेवा: जॅमच्या, कॉफीच्या, मधाच्या काचेच्या बरण्या झाकणासकट, जुन्या वह्या, लग्नपत्रिका, जुनं भिंतीवरचं कॅलेंडर, साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे, सुती साड्या, फाटलेली चादर, झिजलेले टॉवेल. थर्माकोल घेऊ नका. राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि त्याचे दाणे घरभर उडतात ते वेगळंच.

कापडाच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान. प्रत्येक घरात निदान एक तरी चादर अशी असते जिचा मधला भाग विरलाय पण कडेचा अजून खणखणीत आहे. टॉवेलचंही तसंच. ओळखीत कुणाचं गणवेश शिवण्याचं काम असेल तर तिथून कातरणही मिळते, मात्र ती बहुतेक टेरिकॉटची असते. पिशव्यांना, बंदांना उत्तम. गरम भांड्याजवळ मात्र ती अजिबात वापरायची नाही, कारण कृत्रिम धागा उष्णतेने वितळतो आणि हाताला चिकटतो.

कापड सुती आहे की नाही ओळखायची सोपी रीत आहे. मोठ्या माणसाने कापडाचा एक धागा चिमट्यात धरून मेणबत्तीवर न्यावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो, आणि राख बोटाने चुरली की भुगा होते. कृत्रिम धागा आक्रसतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मुलांना लांबून बघू द्या. आमच्या थोरलीला हा प्रयोग इतका आवडला की घरातल्या निम्म्या कपड्यांचे धागे तिने मागून घेतले.

सगळं धुवायचं काम पाणी येण्याच्या दिवशी उरकून घ्या. आपल्याकडे रोज नळ येत नाही, आणि बरण्या घासायला पाणी बरंच लागतं. ऊन मात्र भरपूर आहे. पाऊस उघडला की गच्चीवर दोन तासांत बरण्या कोरड्या ठणठणीत होतात.

खळ

डिंकाच्या बाटल्या आणू नका, खळ करा. दोन चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळ्या न राहू देता कालवायचा आणि मंद आचेवर सतत ढवळत तीन-चार मिनिटं शिजवायचा. पांढरा रंग जाऊन जरा पारदर्शक, दाटसर दिसू लागला की उतरवायचा. गार झाल्यावरच मुलांच्या हातात द्या. बाहेर दीड-दोन दिवस टिकते, फ्रिजमध्ये चार दिवस. पूर्वी पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलं हात लावणार असतील तिथे ती नकोच. आंबूस वास आला की खळ टाकून नवी करा.

मागावर चढण्याआधी सुतालाही खळ देतात, म्हणजे ताणा तुटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी माग होते त्या आजी-आजोबांना याबद्दल जरूर विचारा. मुलांचे हात खळीत बुडालेले असताना अशा गोष्टी ऐकायला त्यांना फार आवडतं.

आजोबांची दुधाची वही

नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. सुई एकदाच लागते, चुकलं तरी दुरुस्त होतं, आणि तासाभरात हातात वस्तू येते.

जुन्या वह्यांच्या मधल्या पिना सपाट चमच्याच्या टोकाने उघडून काढा (हे मोठ्यांनी करायचं) आणि कोरी जोडपानं वेगळी करा. जोडपान म्हणजे मध्ये घडी असलेला अख्खा कागद. सुटी फाटलेली पानं शिवता येत नाहीत, ती चिठ्ठ्यांना ठेवा. एका वहीला आठ ते दहा जोडपानं पुरेत. जास्त घेतली की मधली पानं बाहेर डोकावतात.

पुढचं असं करा:

१. सगळी जोडपानं एकात एक बसवून कडा जुळवा. बाहेरून पुठ्ठ्याचं किंवा जाड पत्रिकेचं वेष्टण घडी घालून लावा. पुठ्ठ्याला घडी घालण्याआधी पट्टी ठेवून न चालणाऱ्या पेनाने रेघ दाबून ओढा, म्हणजे घडी सरळ पडते.

२. वही उघडून घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. घडीच्या रेघेवर तीन खुणा करा: एक बरोबर मध्ये, दोन वर-खाली, कडेपासून दोन-दोन बोटं सोडून. दाभणाने तिन्ही खुणांवर आरपार भोक पाडा. दहा वर्षांच्या पुढचं मूल हे मोठ्यांच्या नजरेखाली करू शकतं.

३. गोधडीचा जाड दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट घ्या. मेणबत्तीच्या तुकड्यावर दोनदा घासा, म्हणजे गुंतत नाही.

४. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा. बाहेरून वरच्या भोकातून आत न्या. आतून मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर काढा. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत आणा.

५. आता दोऱ्याची दोन्ही टोकं आत आहेत आणि त्यांच्या मधून एक लांब टाका गेला आहे. एक टोक त्या टाक्याच्या डावीकडे, दुसरं उजवीकडे घ्या, वहीच्या रेषेत ओढून घट्ट करा आणि टाका मध्ये धरून दुहेरी गाठ मारा.

दोरा वर किंवा बाजूला हिसडला तर कागद भोकापाशी चिरतो, म्हणून नेहमी घडीच्या दिशेनेच ओढायचा. पहिल्या वहीला हे होतंच. चिरलेल्या जागी आतून कागदाची बारीक पट्टी खळीने चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा शिवा.

वेष्टणावर छाप लहानग्याने मारायचे. भेंडी आडवी चिरली की चांदणीसारखा ठसा मिळतो. कांद्याच्या अर्ध्या फोडीने एकात एक गोल उमटतात. ठसा रंगात बुडवू नका; ताटलीत ओल्या फडक्यावर रंग पसरून त्यावर टेकवा, नाहीतर नुसता डाग पडतो.

वही कोरी देऊ नका, आणि मला वाटतं यातच तिचं सगळं मोल आहे. थोरलीने आजोबांच्या वहीत पट्टीने रकाने आखून दिले: तारीख, सकाळ, संध्याकाळ, जमा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर महिन्याचं नाव. अशीच भिशीची वही होते, नामस्मरण लिहिण्याची होते, मावशीला पाककृतींची होते आणि तिचं पहिलं पान मुलांनी आपल्या आवडत्या पदार्थाने भरून द्यायचं. आखायला दोन संध्याकाळी जातात. जाऊ द्या.

आजीची चुंबळ

चुंबळ म्हणजे डोक्यावर घागर घेताना खाली ठेवायचं कापडाचं वेटोळं. तीच कल्पना सपाट केली की ओट्यावर गरम पातेल्याखाली ठेवायची जाड चकती होते.

जुनी सुती साडी घ्या. पदराच्या टोकाच्या आडव्या कडेला तीन-तीन बोटांवर कात्रीने चीर द्या आणि लांबीच्या दिशेने हाताने फाडा. सुती कापड सरळ फाटत जातं, कापण्यापेक्षा हे जलद होतं आणि तो ‘टर्रर्र’ आवाज ऐकायला मुलं रांग लावतात. अडीच मीटरच्या तीन पट्ट्या घेतल्या की वेणी घालून साधारण पावणेदोन मीटर उरते, तिची वीतभर रुंदीची चकती होते. मोठ्या कढईसाठी हवी असेल तर एक पट्टी संपत आली की तिच्या टोकाला दुसरी चार टाके घालून जोडत जा. तिन्ही जोड एकाच जागी येऊ देऊ नका.

तिन्ही टोकं एकत्र शिवून दाराच्या कडीला बांधा आणि मुलांना वेणी घालायला सांगा. सहा-सात वर्षांच्या मुलालाही येते, फक्त पीळ सैल-घट्ट होतो. चालेल.

मग वेणी टेबलावर सपाट ठेवून गोल गुंडाळत जायचं आणि दर बोटभर अंतरावर तिची कड आधीच्या फेऱ्याच्या कडेला टाक्याने जोडायची. इथे बहुतेकांची एकच चूक होते. शिवायच्या नादात चकती हातात उचलली जाते, दोरा जास्त ओढला जातो आणि मधला भाग वर येऊन वाटी होते. टेबलावरून उचलायची नाही, वेणी ताणायची नाही, नुसती टेकवायची. शेवटचं टोक आतल्या बाजूला मुडपून चार-पाच टाके घाला. वाटी झालीच तर उसवू नका, तीच आणखी उंच करत न्या. किल्ल्या ठेवायला कुणाला तरी लागतेच.

फाटक्या चादरीच्या चांगल्या कडेतून कढई धरायची फडकी करा. सोलापुरी चादर जाड विणीची असते, त्यामुळे दोन पदर पुरतात. पण ती कापली की कडेचे धागे सुटायला लागतात. म्हणून आधी खडूने वीतभर चौकोन आखा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी मशिनने शिलाई मारा आणि मग त्या दोन शिलायांच्या मधून कापा. दोन चौकोन पाठीला पाठ लावून चारी बाजूंनी शिवा, एका कोपऱ्यात अडकवायला बंद द्या. नक्षीचा मोर किंवा फूल चौकोनाच्या मध्ये येईल असं कापलं तर फार सुंदर दिसतं. जागा मुलांना निवडू द्या, ती नक्षीवरून नजर हलवत नाहीत.

एक गोष्ट अनुभवाने सांगते. एका वर्षी थोरलीने शिवलेले टाके लांब-आखूड झाले होते. रात्री ती झोपल्यावर मी ते उसवून नीट घातले. सकाळी तिने चकती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि गप्प बसली. भाऊबिजेला आजीच्या हातात ती तिने दिलीच नाही, मला द्यायला लावली. तेव्हापासून मी मुलांच्या टाक्यांना हात लावत नाही. कुठे खरोखर सुटण्याची भीती असेल तर तिलाच सांगते, ‘इथे अजून दोन टाके घाल.’

आत्याची शेंगाचटणी

आधी बरणी. गरम पाण्यात थोडी साबणाची पावडर टाकून अर्धा तास बुडवली की कागदाचं लेबल सुटतं. मागे राहिलेल्या चिकट थरावर खायचा सोडा आणि गोडं तेल यांचा लेप लावा, दहा मिनिटांनी फडक्याने चोळा. मग बरणी मोठ्या पातेल्यात थंड पाण्यात ठेवून पाण्यासकट तापवा आणि दहा मिनिटं उकळा. उकळत्या पाण्यात थंड बरणी टाकली तर तडकते. झाकणाचा वास घेऊन बघा. लोणच्याचा वास गेला नसेल तर ती बरणी चटणीला नको, पेन्सिली ठेवायला चालेल. धुतलेली बरणी उन्हात पूर्ण वाळली पाहिजे. ओलाव्याने चटणी खराब होते.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. गार झाल्यावर सालं चोळून काढायची आणि सुपात पाखडायची. हे काम मुलांचं, आणि ते अंगणात किंवा गच्चीवर करायचं. बारा-पंधरा लसूण पाकळ्या तव्यावर कोरड्याच परतून घ्या, म्हणजे त्यांचं पाणी कमी होऊन चटणी जास्त टिकते. एक लहान चमचा जिरं, दोन लहान चमचे लाल तिखट, चवीपुरतं मीठ. उखळात किंवा खलबत्त्यात कुटत राहायचं, दाण्यांना तेल सुटून चटणी जराशी गोळा होऊ लागेपर्यंत. मिक्सर वापरणार असाल तर थांबून थांबून फिरवा. सलग फिरवला की लगदा होतो. तिखट घालायची आणि कुटायची जबाबदारी मोठ्यांची, कारण मुलांचे हात डोळ्यांकडे जातातच.

एवढ्यात जॅमच्या दोन छोट्या बरण्या भरतात. कोरड्या चमच्याने घेतली तर पंधरा दिवस सहज राहते. लेबल मुलांच्या अक्षरात हवं: चटणीचं नाव, केल्याची तारीख, ‘चमचा कोरडा वापरा’. ‘आत्या, भाकरीबरोबर दही पण घे’ असं धाकट्याने खाली स्वतःहून लिहिलं होतं. झाकणावर कापडाची गोल टोपी घालून दोऱ्याने बांधा; इथे टेरिकॉटची कातरण छान दिसते. कुणाच्या घरी शेंगदाण्याचा त्रास होणारं मूल असेल तर तिथे जवसाची चटणी द्या.

पिशव्या, पाकिटं, पणत्या

भेट गुंडाळायला चकचकीत कागद नको. वर्तमानपत्राचं दुहेरी पान घडी घालून, बाजू आणि तळ खळीने चिकटवून पिशवी होते. तळाला पुठ्ठ्याचा तुकडा टाकला की बरणीचं वजनही पेलते. मात्र खाण्याची वस्तू थेट वर्तमानपत्रात बांधू नका. शाईतले घटक अन्नात उतरतात, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही तसं न करण्याची सूचना दिलेली आहे. बरणी किंवा डब्यात असेल तर हरकत नाही.

लग्नपत्रिकांचा जाड कागद पाकिटांना आणि शुभेच्छापत्रांना उत्तम. त्यावरच्या गणपतीवर कात्री चालवायला आमच्या आजींचं मन होत नाही, म्हणून तो चौकोन आम्ही अख्खा कापून घेतो आणि शुभेच्छापत्राच्या पहिल्या पानावर तोच लावतो.

गेल्या वर्षीच्या पणत्या गरम पाण्यात सोड्याने घासून, वाळवून बाहेरून रंगवता येतात. वातीच्या चोचीपाशी आणि आत रंग लावायचा नाही. वापरण्याआधी काही तास आतून पाणी भरून ठेवा, मग पुसून कोरड्या करा. माती तेल कमी पिते.

कधी काय करायचं

पहिल्या दिवशी यादी आणि बरण्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वह्या, कारण रकाने आखायला वेळ लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी चुंबळ आणि फडकी. एका बैठकीत तासापेक्षा जास्त बसवू नका. सहा वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं खूप झाली, तेवढ्यात ठसे मारून त्याला खेळायला सोडा. पणत्या अधेमधे, रंग वाळायला ठेवून. चटणी सगळ्यात शेवटी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी. आत्या भाऊबिजेला घरी येणार असेल तर ती येण्याच्या आदल्या दिवशी केली तरी चालते.

भेट देताना ज्याने केली त्यानेच द्यायची आणि कशी वापरायची ते त्यानेच सांगायचं. धाकट्याने चुंबळ दिली तेव्हा आजीला ओट्यापाशी नेऊन तिच्यावर पातेलं ठेवून दाखवलं होतं.

उरलेले तुकडे फेकू नका. तळहाताएवढे असले तरी त्यांच्या तिळगुळाच्या छोट्या पोटल्या होतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेला, गावाकडची, बाहेरगावची माणसं घरी येतात, संक्रांतीला वाण लुटायचं असतं, तेव्हा त्या लागतात. आमच्याकडे तुकड्यांच्या पिशवीवर थोरलीने मोठ्या अक्षरात ‘गड्डा’ लिहून ठेवलं आहे.